गोळीचा वेग मोजायचाय? मग आधी ट्रायपॉड नीट निवडा!

एखादा वक्ता सभा गाजवायला लागला की लोक म्हणतात, "मुलुखमैदान तोफ धडधडली!" ही तोफ आज विजापूरच्या बुरुजावर असली, तरी ती ओतली गेली १५४९ साली, निजामशाहीच्या अहमदनगरात. वजन सुमारे ५५ टन. पण तिच्यातून सुटलेला गोळा नेमका किती वेगाने जायचा, हे तिच्या काळात कोणालाच सांगता आलं नसतं. कारण तो वेग मोजायचं साधनच नव्हतं.

आज त्याच नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, के. के. रेंजवर रणगाड्यांचा सराव चालतो. के. के. म्हणजे खारे-कर्जुने. २२ सप्टेंबर २०२० रोजी डीआरडीओने याच रेंजवर अर्जुन रणगाड्यातून लेझरच्या मदतीने लक्ष्य गाठणाऱ्या क्षेपणास्त्राची यशस्वी चाचणी घेतली होती. रणगाड्याचा चिलखतभेदी गोळा सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त वेगाने सुटतो. तोफेची नळी झिजली की हा वेग कमी होतो. तो कमी झाल्याचं माहीत नसेल, तर संगणकाने केलेलं नेमबाजीचं गणितही चुकतं. म्हणून जगभरातल्या सैन्यांत तोफेच्या गोळ्याचा वेग रडारने मोजतात.

हेच काम छोट्या प्रमाणावर करणारं यंत्र आता साध्या नेमबाजालाही परवडतं. त्याचं नाव क्रोनोग्राफ. ते विकत घेताना लोक चार दुकानं फिरतात, दहा व्हिडिओ पाहतात. आणि मग घरात पडलेल्या रील बनवायच्या स्टँडवर ते बसवतात! आकडे चुकायला इथूनच सुरुवात होते.

वेग मोजून करायचं काय?

पहिलं कारण खेळाचं. १० मीटर एअर रायफल प्रकारात छर्रा साधारण सेकंदाला १७५ मीटर वेगाने जातो. लक्ष्यापर्यंत पोहोचेपर्यंत गुरुत्वाकर्षणामुळे तो सुमारे १६ मिलिमीटर खाली येतो. आता एखादा छर्रा १७५ ऐवजी १७० च्या वेगाने सुटला, तर तो आणखी जवळपास १ मिलिमीटर खाली लागेल. १ मिलिमीटर म्हणजे किरकोळ वाटेल. पण या खेळात दहा गुणांचा ठिपकाच मुळी अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि अंतिम फेरीत पदकं ०.१ गुणाने हुकतात.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. ५० मीटरवर तर वेगातल्या एक टक्का फरकानेही गोळी दोनेक मिलिमीटर खाली-वर होते. म्हणूनच आपल्या रायफलमधून प्रत्येक गोळी जवळपास सारख्याच वेगाने सुटते का, हे नेमबाज तपासतात.

दुसरं कारण कायद्याचं. शस्त्र नियम २०१६ नुसार एअरगनची शक्ती २० ज्यूलपेक्षा जास्त असेल किंवा कॅलिबर ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठं असेल, तर परवाना लागतो. शक्ती काढायची तर छर्‍याचं वजन आणि वेग दोन्ही हवेत. त्यातला वेग क्रोनोग्राफ सांगतो. उदाहरणार्थ, ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे २७५ मीटर वेगाने सुटला की शक्ती बरोबर २० ज्यूल भरते.

इथे एक गोम आहे. शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग मोजताना १ टक्का चूक झाली, तर शक्तीच्या आकड्यात २ टक्के चूक होते.

पहिला मोजमाप करणाराही तिकाटण्यावरच उभा होता!

गोळीचा वेग नीट मोजण्याची पहिली गाजलेली पद्धत इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने १७४२ साली मांडली. म्हणजे मुलुखमैदान ओतल्यानंतर जवळपास दोनशे वर्षांनी. त्याने एक जड लोलक टांगला आणि त्याला जोडलेल्या लाकडी ठोकळ्यावर गोळी झाडली. लोलक किती मागे गेला, यावरून त्याने गोळीचा वेग काढला.

तो लोलक टांगला कशावर होता? तीन वासे खाली फाकवून आणि वर एकत्र बांधून केलेल्या तिकाटण्यावर. गावाकडे धान्याचं पोतं तोलायला असंच तिकाटणं उभं करतात, अगदी तसंच.

तीनच पाय का? तीन दगडांची चूल आठवा. जमीन कितीही उंचसखल असली तरी ती डुगडुगत नाही. चार पायांचं टेबल मात्र एका पायाखाली कागदाची घडी मागतं. कारण तीन टेकू नेहमी एकाच पातळीत बसतात, चौथा बसेलच याची खात्री नसते. रेंजवरच्या ओबडधोबड जमिनीवर ट्रायपॉडच वापरतात, तो याच कारणाने.

आधी यंत्र ओळखा, मग त्याचे पाय निवडा

बाजारात मुख्यतः तीन प्रकारचे क्रोनोग्राफ मिळतात आणि तिघांची गरज वेगळी आहे.

पहिला प्रकार डोळ्यांचा, म्हणजे ऑप्टिकल. यात बहुतेकदा फूटभर अंतरावर दोन सेन्सर असतात. गोळी पहिल्यावरून गेली की घड्याळ सुरू होतं, दुसऱ्यावरून गेली की थांबतं. १७५ मीटर वेगाच्या छर्‍याला हे अंतर कापायला पावणेदोन मिलिसेकंद लागतात. हे यंत्र नळीच्या पुढे, गोळीच्या वाटेखाली ठेवावं लागतं. त्यामुळे ट्रायपॉडचा खरा कस इथेच लागतो.

दुसरा प्रकार रडारचा. वाहतूक पोलिसांची स्पीड गन ज्या तत्त्वावर चालते, त्याच तत्त्वावर हा चालतो. तो नेमबाजाच्या शेजारी बसतो. पुढे जावं लागत नाही. त्याला टेबलावरचा छोटा ट्रायपॉडही चालतो. फक्त त्याचं तोंड लक्ष्याकडे नीट रोखलेलं हवं आणि ते बंदुकीच्या धक्क्याने फिरायला नको.

तिसरा प्रकार थेट नळीला बांधायचा. याला ट्रायपॉड लागतच नाही. पण नळीवर वजन वाढल्याने नेम थोडा सरकतो. त्यामुळे वेग मोजणं आणि नेम तपासणं ही दोन कामं एकाच वेळी करता येत नाहीत.

म्हणजे ट्रायपॉड निवडायची खरी डोकेदुखी पहिल्या प्रकारात आहे. पुढचं सगळं मुख्यतः त्याच्यासाठी.

हलणं नव्हे, कलणं आणि सरकणं घातक

कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडबद्दल वाचणाऱ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट बसलेली असते, ती म्हणजे ट्रायपॉड अजिबात थरथरता कामा नये. फोटोसाठी ते खरं आहे. क्रोनोग्राफचं गणित मात्र वेगळं आहे.

समजा, वाऱ्याने यंत्र सेकंदाला १० सेंटीमीटर वेगाने डुलतंय. छर्रा जातोय सेकंदाला १७५ मीटर वेगाने. डुलण्याचा वेग छर्‍याच्या वेगाच्या ०.०६ टक्केही नाही. आकड्यात तो दिसणारसुद्धा नाही. म्हणून कंपन शोषणाऱ्या महागड्या कार्बन फायबर पायांवर पैसे घालवायची इथे गरज नाही.

घात होतो तो कलण्याने. यंत्र गोळीच्या वाटेला समांतर नसेल, तर गोळी दोन सेन्सरमधलं अंतर तिरकं कापते. तिला जास्त चालावं लागतं, जास्त वेळ लागतो आणि यंत्र वेग कमी दाखवतं.

किती कमी? फूटभर लांब यंत्राचं एक टोक दुसऱ्यापेक्षा १ सेंटीमीटर वर असेल तर फरक नगण्य. अडीच सेंटीमीटर वर असेल, म्हणजे साधारण ५ अंशांचा कल, तर आकडा जवळपास ०.४ टक्क्याने उतरतो. ५ सेंटीमीटर, म्हणजे १० अंश झाले, तर दीड टक्क्याने.

आता हे कायद्याच्या आकड्याला लावून पाहा. एखाद्या एअरगनची खरी शक्ती २०.४ ज्यूल आहे. यंत्र १० अंश कललेलं आहे. पडद्यावरच्या वेगावरून हिशेब केला तर उत्तर येईल सुमारे १९.८ ज्यूल! मालक निर्धास्त, प्रत्यक्षात मात्र बंदूक मर्यादेच्या पलीकडे. लक्षात घ्या, ही चूक नेहमी एकाच बाजूला होते. कललेलं यंत्र वेग कमीच दाखवतं.

त्यात चांगल्या यंत्राचीही स्वतःची अर्धा ते एक टक्का चूक धरावी लागते. त्यामुळे १९.८ सारखा काठावरचा आकडा म्हणजे "आपण मर्यादेत आहोत" असा दाखला नव्हे.

ट्रायपॉड घेताना काय पाहायचं?

*उंची.* उभ्याने नेम धरला तर नळी साधारण १४० ते १५० सेंटीमीटरवर असते. टेबलावर रायफल टेकवली तर ११० ते १२० वर आणि पोटावर झोपून मारताना जेमतेम ३० सेंटीमीटरवर. बहुतेक जण ट्रायपॉड किती उंच होतो एवढंच विचारतात. झोपून सराव करणाऱ्याने तो किती खाली बसतो हे विचारायला हवं. उंची वाढवताना आधी पाय लांबवावेत. मधला दांडा शेवटी आणि कमीत कमी वर काढावा. पूर्ण वर काढलेला दांडा म्हणजे काठीवर ठेवलेलं मडकं.

*डोकं.* म्हणजे यंत्र जिथे बसतं तो भाग. बॉल हेडची एक खुंटी सैल केली की ते सगळीकडे एकदम फिरतं. पुढे-मागे कल नीट करायला जावं, तर आडवा कल बिघडतो. त्यापेक्षा व्हिडिओवाले वापरतात ते पॅन हेड इथे सोयीचं. त्यात प्रत्येक दिशेची खुंटी वेगळी असते. डोक्यावर पाण्याचा बुडबुडा असलेली पातळी असेल तर उत्तम. नसेल तर गवंड्याची छोटी पाणसळ यंत्रावर ठेवली तरी काम होतं.

*स्क्रू.* बहुतेक क्रोनोग्राफच्या बुडाला कॅमेऱ्यासारखंच पाव इंची आट्यांचं भोक असतं. त्यामुळे लग्नाच्या फोटोग्राफरचा जुना ट्रायपॉडही चालतो. जमीन मोजणीवाल्यांचा लाकडी ट्रायपॉड तर बैलासारखा दणकट. पण त्याचा स्क्रू ५/८ इंची असतो, मध्ये अडॅप्टर लागतो. स्क्रू जास्त लांब नाही ना, हेही पाहावं. जोर लावून पिळला तर यंत्राचं प्लॅस्टिकचं बूड फुटतं.

*पायांचा फाकवा.* ऑप्टिकल यंत्रावर सावलीसाठी पांढरे पंखे लावलेले असतात. पठारावरचा वारा त्यांना शिडासारखा ढकलतो. अरुंद पायांचा रील स्टँड अशा वाऱ्यात आडवा व्हायला वेळ लागत नाही. पाय रुंद फाकणारे हवेत आणि मधल्या दांड्याला खाली आकडा हवा. त्याला वाळूची पिशवी किंवा पाण्याचा कॅन टांगता येतो. पिशवी जमिनीला टेकेल इतकी खाली घ्यावी, नाहीतर तीच झोके घेऊन ट्रायपॉड हलवते.

*पायांची टोकं.* मुरमाड जमिनीत लोखंडी टोकं घट्ट रुततात. सिमेंटच्या फरशीवर रबरी बूट लागतात. काळ्या मातीत पावसानंतर एक पाय हळूहळू खचतो आणि पहिल्या गोळीला सरळ असलेलं यंत्र विसाव्या गोळीला कललेलं असतं. तिथे प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा किंवा फळकूट ठेवलेलं बरं. दोन्ही प्रकारची टोकं बदलता येणारा ट्रायपॉड सर्वात सोयीचा.

दुर्बीण मोकळी दिसते, नळी मात्र नाही

क्रोनोग्राफचा जीव बहुतेकदा एकाच चुकीने जातो. नेमबाज दुर्बिणीतून पाहतो, समोर यंत्र आडवं येत नाही असं दिसतं, तो चाप ओढतो आणि गोळी थेट यंत्रात!

कारण साधं आहे. दुर्बीण नळीच्या चार-पाच सेंटीमीटर वर असते. जवळच्या अंतरावर गोळी नजरेच्या रेषेपेक्षा तितकीच खालून जाते. म्हणून ट्रायपॉडची उंची नळीच्या रेषेवरून ठरवायची, दुर्बिणीवरून नाही. बोल्ट काढून रिकाम्या नळीतून आरपार पाहिलं की ही रेषा कळते. गोळी सेन्सरच्या वरून, पंख्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून जाईल असं बसवावं. साधारण १० ते १५ सेंटीमीटर वरून गेली तर बरं. ट्रायपॉडचा कुठलाही धातूचा भाग त्या वाटेच्या जवळपास नको. गोळी त्यावर आपटून कुठेही उडू शकते.

यंत्र किती पुढे ठेवायचं, तेही बंदुकीवर ठरतं. एअर रायफलला मीटरभर पुरतं. बारूद असलेल्या बंदुकीला उत्पादक साधारण ३ ते ४.५ मीटर सांगतात, कारण नळीतून निघणारा वायूचा झोत गोळीच्या आधी सेन्सर चालू करू शकतो. तोच झोत हलका ट्रायपॉड प्रत्येक गोळीला थोडा थोडा मागेही सरकवतो. आणखी एक, बंद रेंजवर काही ट्यूबलाइट विजेच्या लयीत लुकलुकतात आणि सेन्सर फसतात. तो दोष ट्रायपॉडचा नसतो, तिथे यंत्राचाच दिव्यांचा संच वापरावा.

सर्वात महत्त्वाचं : पुढे कोण जाणार?

ऑप्टिकल यंत्र फायरिंग लाइनच्या पुढे असतं. म्हणजे ते लावायला, सरळ करायला, उचलायला माणूस नळ्यांसमोर जाणार. म्हणून नियम एकच. रेंज अधिकाऱ्याने गोळीबार थांबवल्याचं जाहीर केलं, सगळ्या बंदुका रिकाम्या करून खाली ठेवल्या, तरच पुढे पाऊल टाकायचं. "एक मिनिटात खुंटी पिळून येतो" हे चालत नाही.

चांगल्या ट्रायपॉडची खरी कमाई इथे आहे. तो एकदा लावला की हलत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा पुढे जावं लागत नाही. पायांच्या कड्या हाताने चटकन घट्ट होतात. पायांवर उंचीच्या खुणा असतात, त्यामुळे पुढच्या वेळी पाच मिनिटांचं काम मिनिटात होतं. खुणा नसतील तर रंगीत चिकटपट्टी लावून घ्यावी. गर्दीच्या रेंजवर मात्र शेजारी बसणारं रडारच बरं. ते महाग पडतं, पण कोणालाच पुढे जावं लागत नाही.

मग घ्यायचा कोणता?

घरच्या किंवा क्लबच्या बंद रेंजवर एअर रायफल असेल, तर पॅन हेडचा, रबरी बुटांचा, दीड मीटरपर्यंत जाणारा साधा अॅल्युमिनियम ट्रायपॉड पुरतो. उघड्या रेंजवर परवान्याची रायफल असेल, तर रुंद पायांचा, आकडा असलेला, टोकं बदलता येणारा जड ट्रायपॉड घ्यावा. झोपून सराव असेल, तर मधला दांडा आखूड असलेला किंवा काढता येणारा. आणि रडार असेल, तर टेबलावरचा छोटा पण घट्ट ट्रायपॉड, बंदूक ठेवलेल्या टेबलापासून वेगळ्या टेकूवर.

घेतलेला ट्रायपॉड नीट काम करतोय का, हे तपासायला यंत्र लागत नाही. पाच गोळ्या झाडा, सरासरी लिहून ठेवा. गोळीबार थांबल्यावर ट्रायपॉड पूर्ण मिटवा, पुन्हा उभा करा, त्याच गोळ्यांतल्या आणखी पाच झाडा. दोन्ही सरासरी जवळपास सारख्या आल्या तर उत्तम. पण पहिल्या पाच गोळ्यांत आपापसात जेवढा फरक होता, त्याहून मोठा फरक दोन सरासरींत आला, तर आधी रायफलवर संशय घेऊ नका. आधी पाय तपासा, कुठेतरी एक खुंटी सैल असेल किंवा एक पाय खचलेला असेल.